बोलवा, पण पदवी कशाला?

मे २००९. बराक ओबामांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन चार महिनेही झाले नव्हते. ॲरिझोना राज्य विद्यापीठाने त्यांना पदवीदान समारंभात भाषणाला बोलावले आणि सोबत स्पष्ट सांगून टाकले की मानद पदवी देणार नाही. ती केलेल्या कामासाठी असते आणि यांचे काम अजून व्हायचे आहे.

देशभर टिंगल झाली. विद्यापीठ गडबडले आणि एका शिष्यवृत्ती योजनेला ओबामांचे नाव देऊन मोकळे झाले.

खरे तर विद्यापीठाचे काहीच चुकले नव्हते.

चारच दिवसांनी, १७ मे रोजी, इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठाने त्याच ओबामांना भाषणाला बोलावले आणि कायद्याची मानद डॉक्टरेटही दिली. नोटर डेम म्हणजे अमेरिकन कॅथलिकांचे मानाचे विद्यापीठ. होली क्रॉस संघाच्या एदुआर सोरँ या फ्रेंच धर्मगुरूने १८४२ मध्ये स्थापन केलेले. आणि ओबामा म्हणजे गर्भपाताचा हक्क मानणारे नेते. ठिणगी पडायला आणखी काय हवे होते?

चर्चची भूमिका सगळ्यांना ठाऊक आहे. जीव गर्भधारणेपासून मानायचा आणि गर्भपात कोणत्याही परिस्थितीत गैर. ओबामांनी जानेवारीत, सत्तेवर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या परदेशी संस्थांच्या अमेरिकी मदतीवरची बंदी उठवली. मार्चच्या सुरुवातीला भ्रूणांच्या मूलपेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मोकळा केला. मार्च संपायच्या आत व्हाइट हाउसने जाहीर केले, राष्ट्राध्यक्ष नोटर डेमला जाणार.

स्थानिक बिशप जॉन डार्सी यांना आधी विचारलेसुद्धा नव्हते.

त्यांनी समारंभाला न जायचे ठरवले. पंचवीस वर्षांत असे पहिल्यांदाच होत होते. ऐंशीच्या आसपास बिशपांनी जाहीर नापसंती कळवली. कार्डिनल न्यूमन सोसायटी या कॅथलिक संघटनेच्या निषेधपत्रावर साडेतीन लाखांहून जास्त सह्या पडल्या. दुसरीकडे, सहाच महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत मतदानोत्तर चाचण्यांप्रमाणे ५४ टक्के कॅथलिकांनी ओबामांनाच मत दिले होते. मग कॅथलिक समाजाच्या वतीने नेमके कोण बोलत होते?

दोघेही. म्हणून तर भांडण एवढे पेटले.

नियम काय होता ते बघू. अमेरिकन बिशपांच्या परिषदेने २००४ मध्ये एक निवेदन काढले होते. आमच्या मूलभूत नैतिक तत्त्वांच्या विरोधात वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मान देऊ नयेत, पुरस्कार देऊ नयेत, आणि त्यांच्या कृतीला पाठिंबा आहे असे वाटेल असे व्यासपीठही देऊ नये. भाषा पुरेशी साफ आहे.

विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांनी त्यातून वाट काढली. हे निवेदन कॅथलिक राजकारण्यांसाठी आहे, असे ते म्हणाले. ओबामा कॅथलिक नाहीत, सबब नियम लागू नाही.

म्हणजे काय, ते जरा ताणून बघा. गर्भपाताचा हक्क मानणारा कॅथलिक नेता सन्मानाला अपात्र. तेच मत असणारा प्रोटेस्टंट नेता पात्र. विद्यापीठाची तत्त्वे पाहुण्याचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला त्यावर ठरणार का? तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने असली मखलाशी करावी याचे वाईट वाटते. जेन्किन्स तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक.

बिशप डार्सींना हा अर्थ मान्य नव्हता. निवेदन लिहिले होते त्यांच्याच परिषदेने, आणि त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगत होते फादर जेन्किन्स.

पण बिशपांच्या बाजूलाही एक प्रश्न विचारायलाच हवा. नोटर डेमला राष्ट्राध्यक्ष नवे नव्हते. आयझेनहॉवर १९६० मध्ये येऊन गेले, कार्टर १९७७ मध्ये, रेगन १९८१ मध्ये, थोरले बुश १९९२ मध्ये आणि धाकटे बुश २००१ मध्ये. सगळ्यांना पदव्या मिळाल्या. धाकटे बुश त्याआधी टेक्सासचे गव्हर्नर होते आणि त्यांच्या कारकिर्दीत तिथे १५२ जणांना मृत्युदंड दिला गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी अमेरिकेच्या भूमीवर, सेंट लुइसमध्ये, मृत्युदंड बंद करा असे कळकळीने सांगितले, त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

तेव्हा ऐंशी बिशप कुठे होते?

उत्तर तयार असते. गर्भपात आणि मृत्युदंड एका मापाने मोजायचे नाहीत. निष्पाप गर्भ वेगळा, गुन्हेगार वेगळा. चर्चच्या शिकवणुकीत हा फरक आहे, मान्य. पण फरक आहे म्हणून इतकी शांतता? एकाच्या वेळी साडेतीन लाख सह्या आणि दुसऱ्याच्या वेळी हार-तुरे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे धर्मगुरूंच्या झग्यातही चालते.

डाव्यांनीही फार शेखी मिरवू नये. २००६ मध्ये बॉस्टन कॉलेज या जेझुइट धर्मसंघाच्या संस्थेने तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांना पदवीदानाला बोलावले, मानद पदवीही देऊ केली. इराकचे युद्ध पेटलेले होते. दोनशेच्या आसपास प्राध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. हे युद्ध कॅथलिक मूल्यांत बसत नाही, यांचा सन्मान करू नका, हा त्यांचा मुद्दा. समारंभात काही विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली.

मुद्दा बरोबर होता. तीन वर्षांनी नोटर डेमच्या दारात तोच मुद्दा उजव्यांच्या हातात फलक होऊन उभा राहिला, तर डाव्या गोटातून उत्तर आले, विद्यापीठात सगळ्यांचे ऐकायला हवे!

ऐकायला हवेच. पण मानद पदवी देणे म्हणजे ऐकणे नव्हे.

या भांडणातली खरी मेख इथे आहे आणि दोन्ही बाजूंनी ती लपवली. विरोधकांनी सन्मानाच्या विरोधाआड भाषणालाही विरोध केला. समर्थकांनी भाषणाच्या स्वातंत्र्याआड पदवीही दामटली. दोन निराळ्या गोष्टी एकाच पाकिटात घातल्या आणि घ्यायचे तर दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा, असा हट्ट धरला. फारसे कुणी धीटपणे म्हणाले नाही की भाषण ठेवा, पदवी वगळा.

एका बाईंनी निदान अर्धे सांगितले.

मेरी ॲन ग्लेंडन. हार्वर्डमध्ये कायद्याच्या प्राध्यापक, व्हॅटिकनमधल्या अमेरिकेच्या माजी राजदूत. त्याच समारंभात त्यांना लेटारे पदक मिळायचे होते. १८८३ पासून दिले जाणारे, अमेरिकन कॅथलिकांतले सर्वात मोठे मानले जाणारे पदक. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी ते नाकारले आणि जेन्किन्स यांना पत्र लिहून कारणे दिली.

झाले होते असे की विद्यापीठाने टीकाकारांना द्यायच्या उत्तरांची यादी तयार केली होती. त्यात एक उत्तर असे की राष्ट्राध्यक्ष येतील तेव्हा ग्लेंडन यांचे भाषणही त्यांच्या कानावर पडेल, हे चांगलेच आहे. म्हणजे बाईंचा सन्मान हा समतोलासाठी मांडलेला. एका पारड्यात ओबामा, दुसऱ्यात ग्लेंडन, झाला हिशेब चुकता. ज्यांचा सत्कार करायचा त्यांना आपल्याला वजन म्हणून वापरले जातेय हे अशा रीतीने कळावे?

पत्रातले दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते. पदवीदानाचा दिवस विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या आईवडिलांच्या आनंदाचा. इतक्या गंभीर वादाला तो दिवस योग्य नाही आणि पदक स्वीकारतानाचे छोटे भाषणही पुरेसे नाही, असे त्यांनी लिहिले.

सगळ्या गदारोळात हे एक वाक्य शहाण्यासारखे होते. त्याकडे दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष केले.

कारण पदवीदान समारंभ ही जागाच अशी आहे की तिथे पाहुणा बोलतो आणि बाकीचे ऐकतात. प्रश्न नाही, उलटतपासणी नाही. झगे घातलेले, टोप्या घातलेले, कडक उन्हाळ्याच्या तोंडावर घामाघूम झालेले विद्यार्थी दाद देतात, नाहीतर गप्प बसतात. संवादासाठी बोलावले म्हणता आणि प्रश्न विचारायला बंदी असलेला दिवस निवडता?

विद्यार्थ्यांनी मग बोलण्याची आपली वाट शोधली. काहींनी डोक्यावरच्या चौकोनी टोपीवर पिवळा क्रूस आणि बाळाच्या पावलांचे ठसे चिकटवले. काहींनी ओबामांच्या प्रचाराचे चिन्ह लावले. ज्यांना आत बसायचेच नव्हते ते कॅम्पसवरच्या लूर्दच्या गुहेपाशी प्रार्थनेला गेले. शिकल्या विद्येचे प्रदर्शन टोपीवर करायची वेळ आणली विद्यापीठाने.

ओबामांचे भाषण चांगले झाले, हे कबूल करायला हवे. मध्येच काहींनी ओरडा केला, त्यावर विद्यार्थ्यांनी प्रतिघोषणा दिल्या, आणि ते शांतपणे पुढे बोलत राहिले. गर्भपातावर एकमत होणार नाही, पण नको असलेल्या गर्भधारणा कमी करायला आणि दत्तक घेणे सोपे करायला एकत्र येऊ, असे म्हणाले. ज्या डॉक्टर-नर्सना हे काम विवेकाला पटत नाही त्यांच्यासाठी कायद्यात समंजस तरतूद करू, असेही म्हणाले. विद्यापीठाचे जुने अध्यक्ष फादर हेसबर्ग यांची आठवण काढली. नागरी हक्क आयोगातले उत्तरेचे आणि दक्षिणेचे सदस्य एकमेकांना भिडलेले असताना हेसबर्ग त्यांना विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्सला घेऊन गेले. सगळ्यांना मासेमारीचा नाद आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. संध्याकाळी सगळे गळ टाकून बसले आणि पेच सुटला.

गोष्ट सुंदर आहे. पण ओबामांनी एक सांगितले नाही. त्याच लँड ओ’लेक्सला १९६७ मध्ये हेसबर्ग यांच्याच पुढाकाराने कॅथलिक विद्यापीठांच्या धुरिणांनी जाहीरनामा काढला होता, की विद्यापीठ म्हणून उभे राहायचे तर आम्हाला बाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून स्वायत्तता हवी, मग ती सत्ता चर्चची का असेना. बिशप डार्सी आणि फादर जेन्किन्स यांचे भांडण ओबामांमुळे सुरू झाले नव्हते. ते त्या तळ्याकाठी बेचाळीस वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

ओबामा निमित्त.

विरोधकांचे ताळतंत्र कसे सुटले तेही सांगितले पाहिजे. परीक्षांच्या दिवसांत कॅम्पसवरून विमान घिरट्या घालत होते, शेपटीला गर्भपात झालेल्या भ्रूणाचे प्रचंड चित्र लावून. बाबागाड्यांत लाल रंगाने माखलेल्या बाहुल्या घालून माणसे आवारात शिरत होती. अशाने कोणत्या विद्यार्थिनीचे मत बदलते? जिच्यावर स्वतः ही वेळ येऊन गेली असेल तिला त्या बाहुल्या बघून काय वाटले असेल, हा विचार एकाच्याही मनात आला नाही?

आणि विद्यापीठानेही काय केले? आवारात शिरलेल्यांना पोलिसांकडून पकडवले. अठ्ठ्याऐंशी जणांवर विनापरवाना प्रवेशाचे खटले. त्यात एक म्हातारे धर्मगुरूही होते. आत समंजस शब्दांची आणि खुल्या मनाची भाषा, बाहेर बेड्या.

पुढचे वाचा. जानेवारी २०१० मध्ये फादर जेन्किन्स स्वतः वॉशिंग्टनला गर्भपातविरोधी मोर्चात चालले. ते तिथे चालत होते तेव्हा इकडे विद्यापीठाजवळच्या साउथ बेंडच्या कोर्टात त्या अठ्ठ्याऐंशी जणांवरचे खटले सुरूच होते. २०११ मध्ये ते काढून घेतले. एवढे करायला दोन वर्षे लागावीत?

त्याच वसंतातली जॉर्जटाउनची हकीकत तर याहून बोलकी. वॉशिंग्टनमधले हे देशातले सर्वात जुने कॅथलिक विद्यापीठ, जेझुइटांचे, १७८९ सालचे. १४ एप्रिल २००९ रोजी ओबामा तिथे अर्थव्यवस्थेवर बोलले. गॅस्टन हॉलच्या मंचामागे वर आयएचएस ही सोनेरी अक्षरे आहेत, येशूच्या नावाची. व्हाइट हाउसने सांगितले, मागची पार्श्वभूमी साधी हवी, चिन्हे झाका. विद्यापीठाने झाकली. अक्षरांवर काळी फळी बसवली.

आणि त्या फळीपुढे उभे राहून ओबामांनी दृष्टांत कोणता दिला? वाळूवर घर बांधणारा आणि खडकावर घर बांधणारा. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला.

येशूचे नाव झाकून येशूची गोष्ट. तिथे ना पदवी होती, ना पदक. नुसते भाषण होते. तरी माझ्या मते नोटर डेमपेक्षा जॉर्जटाउनचे वागणे जास्त लाजिरवाणे. पाहुण्याला बोलवा, जरूर बोलवा, पण तो आपल्या घरी आलाय, आपण त्याच्या दरबारात नाही, एवढे भान नको? राष्ट्राध्यक्षाला अक्षरांची अडचण होत असेल तर त्याने दुसरे सभागृह बघावे. वॉशिंग्टनमध्ये सभागृहांचा दुष्काळ नाही.

मग बोलवायचे तरी कसे? नोटर डेमला हे आधी जमले होते.

सप्टेंबर १९८४. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो, स्वतः कॅथलिक, नोटर डेमच्या धर्मशास्त्र विभागाच्या निमंत्रणावरून आले. गर्भपाताबाबत चर्चचे म्हणणे मी वैयक्तिक आयुष्यात मानतो, पण नानाविध श्रद्धांच्या समाजावर ते कायद्याने लादावे का, हा त्यांचा विषय. सविस्तर, मुद्देसूद भाषण. पदवीदान नाही, झगा नाही. काही दिवसांतच हेन्री हाइड हे खासदार त्याच विद्यापीठात आले आणि त्यांनी उलटी बाजू मांडली. गर्भपातासाठी सरकारी पैसा मिळू नये ही तरतूद ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हाइड.

क्युओमोंच्या भाषणावर आजही वाद घातले जातात. अभ्यासक्रमात ते नेमले जाते. पदवीदानातली किती भाषणे चाळीस वर्षांनी कुणी उघडून वाचतो?

नोटर डेमने आपलाच धडा गिरवला नाही. २०१६ मध्ये लेटारे पदक एकदम दोघांना, जो बायडन आणि जॉन बेनर यांना. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. पदक लोकसेवेचे आहे, धोरणांचे नाही, असा खुलासा. नवे बिशप केव्हिन रोड्स नाराजच. २०१७ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स पदवीदानाला आले, तेव्हा शंभराच्या आसपास विद्यार्थी उठून बाहेर गेले. या वेळी निर्वासितांचा आणि समलिंगींचा प्रश्न, म्हणजे या वेळी दुखावलेले दुसऱ्या बाजूचे.

अजून किती बाजू दुखवायच्या बाकी आहेत?

सोपा उपाय समोर आहे. सत्तेवर असलेल्या कोणत्याही राजकारण्याला मानद पदवी देऊ नका. डावा असो, उजवा असो, पोपच्या पाया पडणारा असो की न पडणारा. त्याने अजून निवडणूक लढवायची आहे, त्याला तुमचा झगा प्रचाराच्या फोटोसाठी हवा आहे. आणि तुम्हालाही त्याचा फोटो देणगीदारांना दाखवायचा आहे, हे कबूल करा. डी. लिट. कुणाला आणि कधी मिळते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी वेगळे सांगायला नको.

आणि बोलवायचे तर सत्र सुरू असताना बोलवा, प्रश्न विचारायची सोय ठेवून.

हे जमते. मुंबईत जमले. ७ नोव्हेंबर २०१० रोजी तेच ओबामा सेंट झेवियर्स कॉलेजात आले. १८६९ सालची जेझुइटांची संस्था. नोटर डेमच्या गदारोळाला दीड वर्ष झाले होते आणि ओबामांची गर्भपाताबद्दलची मते तसूभरही बदललेली नव्हती. ओबामा झेवियर्सच्या अंगणात विद्यार्थ्यांपुढे उभे राहिले आणि विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले. एका मुलीने जिहादबद्दल विचारले. पाकिस्तानला अजून दहशतवादी देश का जाहीर केले नाही, असेही तोंडावर विचारले गेले. जगातल्या सर्वात बलवान माणसाला सावरून, शब्द तोलून उत्तर द्यावे लागले. कुणी झगा घातला नाही, कुणी डॉक्टरेट दिली नाही, आणि त्यामुळे कुणाचा विश्वास बाटला नाही.

विद्यापीठाने राजकारण्याला बोलवायचे ते याच्यासाठी.

पण त्याच झेवियर्सचे पुढचे ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे फादर स्टॅन स्वामी स्मृतिव्याख्यान ठरले होते. स्वामी हे झेवियर्स चालवणाऱ्या संघाचेच, जेझुइट. आदिवासींमध्ये काम केलेले. एल्गार परिषद प्रकरणात आरोपी म्हणून अटकेत होते आणि खटला उभा राहण्याआधीच जुलै २०२१ मध्ये मुंबईतच गेले. वक्ते रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातले एक जेझुइट प्राध्यापक. अभाविपने हरकत घेतली. कॉलेजने व्याख्यान रद्द केले.

तिथे कुणाचा सत्कार होणार नव्हता. कुणाला पदवी, पदक, शाल, काहीही मिळणार नव्हते. वक्ता राजकारणीही नव्हता. जेझुइटांच्या कॉलेजात एक जेझुइट दुसऱ्या जेझुइटाच्या स्मरणार्थ बोलणार होता, आणि विषय होता पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचा.

राष्ट्राध्यक्षाला प्रश्न विचारणाऱ्या अंगणात तेवढेही ऐकता आले नाही.